घाटावरचा उन्हाळा

हिवाळ्यात बर्फावरून घसरत जाण्याच्या खेळासाठी प्रसिद्धीस आलेल्या पर्वतीय स्थळांपुढे दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी एकच प्रश्न उभा राहतो : बर्फ वितळल्यानंतर या जागेचे करावयाचे काय? गढवालातील औली हे असेच एक स्थळ होय. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच ते तीन हजार मीटर उंचीवरील तेथील उतार हिवाळ्यात खेळाडूंच्या स्वाधीन असतात. उन्हाळ्यात त्याच उतारांवर गवत उगवते आणि तेथे निराळीच माणसे येतात. कोणी गोरसोनच्या कुरणापर्यंत पायी जाते, कोणी कुंवारी खिंडीची वाट धरते, तर कोणी ७,८१६ मीटर उंचीच्या नंदादेवीचे शिखर नुसते पाहत बसते. बर्फाच्या खेळाला यंत्रे, पोशाख आणि पैसा लागतो. उन्हाळ्यातील या विहाराला बहुधा पायांखेरीज दुसरे काही लागत नाही.

या स्थळांचा इतिहास पाहता एक गमतीची गोष्ट आढळते. आज ज्यांना आपण हिवाळी स्थळे म्हणतो, त्यांपैकी पुष्कळशी आरंभी उन्हाळ्याचीच स्थळे होती. स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरित्झ येथे इंग्रज पाहुणे उन्हाळ्यात येत आणि थंडी पडू लागताच परत जात. १८६४ मध्ये योहानेस बाद्रुट नावाच्या उपाहारगृहाच्या मालकाने अशा काही पाहुण्यांशी पैज लावली आणि त्यांना हिवाळ्यात राहावयास बोलावले, तेव्हापासून तेथील हिवाळी मोसम सुरू झाला, अशी कथा सांगितली जाते. काश्मीरमधील गुलमर्गचेही तसेच आहे. फुलांचे कुरण असा त्या नावाचा अर्थ आहे, आणि फुले बर्फात उमलत नाहीत. इंग्रज अधिकाऱ्यांचे ते उन्हाळी विश्रामस्थान होते. बर्फावरील खेळासाठीची संस्था तेथे १९२७ मध्ये स्थापन झाली. तात्पर्य, कोणतीही जागा एका ऋतूची नसते. ऋतू पालटला की तीच जमीन दुसऱ्या कामास येते, आणि पुष्कळदा दुसऱ्या माणसांच्या कामास येते.

या व्याख्यानाचा विषय मात्र पर्वत हा नाही. पर्वतापासून दूर, सपाट प्रदेशात, उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुष्कळ वर चढतो अशा एका नगरातील मोकळ्या हवेतील विहार हा त्याचा विषय आहे. ते नगर म्हणजे काशी, आणि त्यातील विशेष लक्ष देण्याची जागा म्हणजे अमृतराव घाट. डोंगरावरील हिवाळी स्थळ आणि नदीकाठचा घाट यांची तुलना प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटेल. तथापि दोहोंमध्ये एक साम्य आहे. काशीतही बाहेरच्या माणसांचा मोसम हिवाळ्याचा असतो. कार्तिकातील देवदिवाळीपासून फाल्गुनापर्यंत घाटांवर प्रवाशांची दाटी असते. चैत्र सरला, लू नावाचे पश्चिमेचे तप्त वारे वाहू लागले, की परदेशी पाहुणे निघून जातात, यात्रेकरू पहाटेच स्नान उरकून धर्मशाळेत परततात, आणि घाट पुन्हा गावकऱ्यांच्या हाती येतो.

शिवाय या दोन स्थळांमध्ये पाण्याचा एक प्रत्यक्ष धागाही आहे. औलीच्या उतारांवर वितळलेला बर्फ जोशीमठाखालच्या दरीत उतरून अलकनंदेस मिळतो, देवप्रयागास अलकनंदा व भागीरथी एकत्र येतात आणि तेथून तो प्रवाह गंगा म्हणून ओळखला जातो. वाटेत हरिद्वार येथे १८५४ मध्ये सुरू झालेला कालवा, आणि त्याखाली बिजनौर व नरोरा येथील बंधारे या पाण्याचा मोठा भाग शेतीसाठी काढून घेतात. पुढे प्रयागास यमुना मिळते. तेव्हा उन्हाळ्यात काशीच्या पायरीला लागणारे पाणी हे निव्वळ हिमाचे पाणी नव्हे. पण हिमालयात जे घडते त्याचा काही अंश तरी या पायरीवर पोहोचतो, एवढे खरे.

अमृतराव घाट दशाश्वमेधाच्या दक्षिणेस, चालत थोड्याच अंतरावर आहे. आज तो राजा घाट या नावाने अधिक ओळखला जातो. एका बाजूस नारद घाट आणि दुसऱ्या बाजूस, थोडे पुढे, पांडे घाट अशा दोहोंमध्ये त्याच्या रुंद दगडी पायऱ्या नदीत उतरतात. ज्यांच्या नावाने तो ओळखला जाई ते अमृतराव हे रघुनाथराव पेशव्यांचे दत्तक पुत्र आणि दुसऱ्या बाजीरावाचे थोरले बंधू. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव वसईस इंग्रजांच्या आश्रयास गेला, आणि पुण्याचा कारभार काही महिने अमृतरावांकडे आला. पुढल्या वर्षी इंग्रजांनी बाजीरावास पुन्हा गादीवर बसविले. अमृतरावांनी इंग्रजांशी तह करून मोठे वार्षिक वेतन स्वीकारले आणि ते उत्तरेकडे निघून गेले. बुंदेलखंडातील कर्वी आणि काशी ही त्यांच्या उत्तरायुष्याची ठिकाणे. १८२४ मध्ये काशी येथे त्यांचा अंत झाला.

पुण्याच्या राजकारणात ज्याला जागा उरली नाही, अशा या पुरुषाने काशीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दगडी घाट बांधविला, त्यावर देवालये उभारली आणि अन्नछत्र चालविले. काशीच्या काठावर मराठी माणसांनी केलेले हे एकमेव बांधकाम नव्हे. अहिल्याबाई होळकर, नागपूरकर भोसले, शिंदे यांच्या नावांचे घाट याच काठावर आहेत. या सर्वांचा हेतू धार्मिक होता. स्नान, श्राद्ध, दान या कर्मांसाठी जागा व्हावी आणि बांधणाऱ्यास पुण्य लागावे, हीच त्यामागील भावना होती. क्रीडा वा करमणूक यांचा विचार कोणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते. पण दगडाच्या पायऱ्या एकदा नदीत उतरविल्या की त्यांवर कोणी बसावे आणि कशासाठी बसावे, हे बांधणाऱ्याच्या हाती राहत नाही. घाट हे दान होते, आणि दान दिलेली वस्तू देणाऱ्याची राहत नाही. काशीतील उन्हाळी विहाराचा सारा पाया या एका गोष्टीवर आहे.

हा विहार समजण्यासाठी नदीची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. पूर्वेकडे वाहणारी गंगा काशीस येऊन उत्तरेकडे वळते. या वळणाच्या बाहेरील बाजूस, म्हणजे पश्चिम तीरावर, चुनखडीच्या खड्यांनी घट्ट झालेल्या मातीचा उंच काठ आहे. त्यावर नगर वसले आहे. अस्सीपासून आदिकेशवापर्यंत सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीत ८४ घाट मोजले जातात. आतील बाजूस, पूर्व तीरावर, प्रवाह मंद होतो व वाळू टाकतो, म्हणून तेथे वस्ती नाही, केवळ विस्तीर्ण वाळवंट आहे. एका तीरावर गजबजलेले नगर आणि समोर पूर्ण मोकळी भूमी, अशी ही दुर्मीळ रचना आहे.

नदीची पातळी वर्षभरात आश्चर्यकारक रीतीने बदलते. उन्हाळ्यात पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ५८ मीटरांच्या आसपास असते. धोक्याची खूण ७१.२६ मीटरांवर आहे. ९ सप्टेंबर १९७८ रोजी पाणी ७३.९० मीटरांपर्यंत चढले होते, आणि आजवरचा तो उच्चांक होय. म्हणजे नीच पातळी आणि उच्च पातळी यांत पाच मजली घराएवढे अंतर आहे. श्रावण-भाद्रपदात घाट पाण्याखाली असतो. पूर ओसरल्यावर पायऱ्यांवर गाळाचे जाड थर बसतात, ते पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढावे लागतात. त्यानंतर पाणी हळूहळू उतरत जाते आणि एकेक पायरी उघडी होते. उन्हाळ्यात, जेव्हा ऊन सर्वांत कडक असते, नेमका तेव्हाच घाट सर्वांत मोठा असतो. डोंगरावर बर्फ हटले की कुरण उघडे होते, तसेच येथे पाणी हटले की अंगण उघडे होते.

उन्हापासून बचावाची सोयही या रचनेतच आहे. घाट पूर्वाभिमुख आहेत. सकाळी सूर्य समोरच्या वाळूवरून उगवतो आणि त्याची किरणे थेट पायऱ्यांवर पडतात. आठ-साडेआठनंतर दगड तापू लागतात. भर दुपारी त्यांवर अनवाणी पाऊल ठेवता येत नाही. पण सूर्य कलला की काठावरील उंच वाडे व देवालये त्याच्या आड येतात. तीन वाजण्याच्या पुढे सावली वरच्या पायऱ्यांवरून हळूहळू खाली उतरू लागते आणि संध्याकाळच्या आधीच पाण्यापर्यंत पोहोचते. तापलेले दगड शांत होण्यास मात्र आणखी वेळ लागतो, म्हणून लोक पायऱ्यांवर नदीचे पाणी शिंपडतात आणि मग बैठक मारतात. काशीकराचा उन्हाळ्यातील दिनक्रम घड्याळापेक्षा या सावलीने अधिक बांधलेला आहे. पहाटे चारपासून आठपर्यंत, आणि दुपारी चारपासून रात्री उशिरापर्यंत त्याचा घाटावरील वेळ असतो.

इंग्रजी अमदानीत संयुक्त प्रांताचे सरकार उन्हाळ्यात नैनितालला जात असे. मुंबई इलाख्यात महाबळेश्वर व माथेरान ही थंड हवेची स्थळे त्याच प्रकारे विकसित झाली. उन्हाळा आला की वर चढावयाचे, हा राज्यकर्त्यांचा आणि सधनांचा उपाय होता. ज्यांना वर चढणे परवडत नव्हते ते काशीकर खाली उतरत. घरापासून शंभर-दोनशे पावले आणि मग पायऱ्या, एवढाच त्यांचा प्रवास असे. दोन्ही उपायांचे प्रयोजन एकच, उष्म्यापासून सुटका आणि मोकळी हवा. अंतर फक्त खर्चाचे होते, आणि ते फार मोठे होते.

पहाटेचा पहिला कार्यक्रम अर्थातच पोहण्याचा. स्नान आणि पोहणे यांत काशीत फारसा भेद नाही. श्रद्धाळू तीन बुड्या मारून निघतो, आणि तरुण त्याच पाण्यात अर्धा-पाऊण तास काढतो. महाराष्ट्रात खेड्यातील मुले पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहावयास शिकत. येथे ती विहीर म्हणजे नदीच. नावाड्यांची मुले चालण्याबरोबर पोहणे शिकतात. पाण्यात पुढे आलेल्या दगडी चबुतऱ्यांवरून उड्या मारणे हा त्यांचा आवडता खेळ होय. गंगा पोहून पलीकडे जाणे ही काशीत पुरुषार्थाची खूण समजली जाई. लालबहादूर शास्त्री यांचे कुटुंब पलीकडच्या रामनगरचे. होडीला पैसे नसले की ते पोहून शाळेस येत, ही आठवण काशीत आजही सांगितली जाते.

पोहण्याइतकेच व्यायामाला महत्त्व आहे. अमृतराव घाटालगतच्या पांडे घाटाचे नावच मुळी बबुआ पांडे या पहिलवानाच्या आखाड्यावरून पडले. घाटांच्या माथ्यावर व गल्ल्यांत असे आखाडे अनेक आहेत. आखाडा म्हणजे कुदळीने रोज उकरून मऊ केलेल्या मातीचा हौदा, जवळ विहीर, मारुतीची मूर्ती आणि एखादे पिंपळाचे अथवा लिंबाचे झाड. मातीत हळद, तेल, ताक मिसळतात. उन्हाळ्यात पहाटे ही माती अंगाला थंडावा देते. दंड, बैठका, जोडी फिरविणे, दगडी गदा फिरविणे आणि शेवटी कुस्ती, असा क्रम असतो. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जोसेफ आल्टर यांनी बनारसच्या पहिलवानांचा दीर्घ अभ्यास केला. त्यांच्या मते आखाडा ही केवळ शरीर कमावण्याची जागा नसून ती एक जीवनपद्धती आहे. नागपंचमीच्या दंगली हे या उन्हाळ्याच्या तयारीचे फळ होय.

या क्षेत्रातही मराठी माणसाचा संबंध येतो. उत्तर पेशवाईत बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाच्या विद्येचे पुनरुज्जीवन केले, आणि त्यांच्या शिष्यपरंपरेने ती विद्या महाराष्ट्राबाहेर, काशीपर्यंत नेली, असे परंपरा सांगते. पेशवाई गेली, सरदारांच्या जहागिरी गेल्या, पण लाकडी खांबावर उलटे-सुलटे चढण्याची ही कला टिकली. राज्यापेक्षा व्यायामशाळा अधिक टिकाऊ ठरली, असे म्हणावयास हरकत नाही.

काशीकरांच्या विहाराचा दुसरा भाग पलीकडच्या तीरावरील आहे. त्यास बनारसी बोलीत 'बहरी अलंग', म्हणजे बाहेरची बाजू, असे म्हणतात. इतिहासकार नीता कुमार यांनी बनारसच्या कारागीरांवरील आपल्या १९८८ च्या ग्रंथात या प्रथेचे सविस्तर वर्णन केले आहे. विणकर, धातुकाम करणारे, लाकडी खेळणी घडविणारे असे सारे कारागीर सवड काढून मित्रांसह नावेने पलीकडे किंवा शहराबाहेरच्या बागेत व तळ्याकाठी जात. तेथे अंगाला तेल चोळणे, कपडे धुणे, व्यायाम, भांग घोटणे, पुन्हा स्नान आणि गोवऱ्यांच्या विस्तवावर बाटी भाजून चोख्याबरोबर खाणे, असा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम असे. हा विहार सुटीच्या दिवसाची वाट पाहत नाही. आपल्या हातच्या कामाचा जो धनी आहे, तो आपल्या वेळेचाही धनी असतो, ही कारागीराची वृत्ती त्यामागे आहे. उन्हाळ्यात याच वाळूत मल्लाह लोक कलिंगडे, खरबुजे, काकड्या यांचे वेल लावीत. सहलीस गेलेल्याला वाळूतच थंडगार फळ मिळे.

सायंकाळचा घाट निराळा असतो. सावलीत वृद्ध बुद्धिबळाचा किंवा पत्त्यांचा डाव मांडतात. मुले पायऱ्यांमधील सपाट टप्प्यांवर क्रिकेट खेळतात, चेंडू पाण्यात गेला की एक जण कपड्यांसकट उडी घेतो. नावा काठाने संथपणे फिरतात. चैत्राच्या आरंभी, होळीनंतरच्या मंगळवारी, पूर्वी 'बुढवा मंगल' नावाचा नौकाविहाराचा मोठा उत्सव होई. मोठमोठ्या बजऱ्यांवर आणि एकमेकींना जोडलेल्या नावांवर गायन-नृत्याच्या मैफली रात्रभर चालत. राजा, सावकार, कलावंत आणि काठावरचे सामान्य प्रेक्षक, सारे त्यात सहभागी असत. भारतेंदु हरिश्चंद्रांसारखे साहित्यिकही त्यात उत्साहाने भाग घेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सामाजिक सुधारणेचे वारे वाहू लागल्यावर हा उत्सव लोपला. पुढे त्याचे पुनरुज्जीवन करण्याचे प्रयत्न झाले. नोव्हेंबर २०१४ पासून अस्सी घाटावर पहाटे शास्त्रीय संगीत व योगाभ्यास यांचा नित्य कार्यक्रम सुरू झाला, तोही याच जुन्या आवडीचा नवा अवतार म्हणता येईल.

या चित्रात एक मोठी उणीव आहे, ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. हा सारा विहार बहुतांशी पुरुषांचा राहिला. स्त्रिया घाटावर येत त्या स्नान, व्रत आणि पूजा यांच्या निमित्ताने. केवळ हवा खाण्यासाठी पायरीवर तासभर बसण्याची मोकळीक त्यांना क्वचितच मिळे, आणि आखाडा तर त्यांना बंदच होता. अलीकडच्या वर्षांत तुलसी घाटावरील आखाड्यात मुलींच्या कुस्त्या होऊ लागल्या आहेत. ही सुरुवात लहान असली तरी घाट सर्वांचा आहे या तत्त्वाला ती अधिक खरेपणा देते.

मोकळ्या हवेतील कोणत्याही विहारास धोका चिकटलेला असतोच. डोंगरावर कडा कोसळतो, येथे पाणी फसवते. वळणाच्या बाहेरील बाजूस प्रवाह काठ खरवडत जातो, म्हणून घाटाच्या पायरीपासून थोड्याच अंतरावर पाणी एकदम खोल होते. शेवाळाने निसरड्या झालेल्या शेवटच्या पायऱ्या आणि हे अदृश्य खोल पाणी मिळून दर वर्षी बळी घेतात, आणि ते बहुधा बाहेरगावाहून आलेल्या तरुणांचे असतात. वाळूच्या बाजूस पाणी उथळ भासते, पण तेथेही खड्डे असतात. स्थानिक नावाडी हे जाणतात. त्यांना विचारल्याखेरीज पाण्यात उतरू नये, हा नियम एखाद्या फलकापेक्षा अधिक उपयोगी आहे.

याहून मोठा धोका पाण्याच्या निर्मळतेचा आहे. १४ जून १९८६ रोजी गंगेच्या शुद्धीकरणाच्या पहिल्या राष्ट्रीय योजनेचा आरंभ काशीच्याच घाटावर झाला. त्याआधी १९८२ मध्ये प्राध्यापक वीरभद्र मिश्र यांनी तुलसी घाटावर या कार्यासाठी संस्था स्थापन केली होती. जलशास्त्राचे अध्यापक आणि संकटमोचन मंदिराचे महंत अशा दुहेरी नात्याने त्यांनी २०१३ पर्यंत, म्हणजे निधनापर्यंत, हा प्रश्न लावून धरला. स्नानास योग्य पाण्यात मैलाजन्य जंतूंचे प्रमाण शंभर मिलिलीटरला ५०० पर्यंत असावे व कोणत्याही परिस्थितीत २,५०० च्या वर जाऊ नये, असे मानक आहे. पाणी कमी झाले की तेवढाच मैला अधिक दाट होतो, म्हणून उन्हाळ्यात हा प्रश्न तीव्र बनतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने नदीत किमान किती प्रवाह ठेवावा याचे नियम घोषित केले. ते उगमापासून उन्नावपर्यंतच्या भागासाठी आहेत, आणि काशी उन्नावच्या खाली आहे. पोहणारा मुलगा या आकड्यांचा विचार करीत नाही. पण त्याचे पोहणे या आकड्यांवरच अवलंबून आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येता येईल. काशीचा हा उन्हाळा फुकट आहे. पायरीवर बसण्यास तिकीट नाही, पोहण्यास वर्गणी नाही, वाळूत बाटी भाजण्यास परवाना लागत नसे. जी वस्तू फुकट मिळते तिची किंमत नियोजनकारांच्या वहीत शून्य धरली जाते, आणि शून्य किमतीची जमीन मोकळी पडलेली जमीन समजली जाते. समोरच्या वाळवंटाकडे पाहण्याची दृष्टी अशीच बदलत गेली. १९८९ मध्ये या भागात कासवांसाठी अभयारण्य घोषित झाले होते, ते २०२० मध्ये रद्द करण्यात आले. २०२१ च्या उन्हाळ्यात वाळूतून एक कालवा खोदण्यात आला, तो त्याच पावसाळ्यातील पुराने गाळून टाकला. जानेवारी २०२३ मध्ये पूर्व तीरावर पाहुण्यांसाठी तंबूंची आलिशान वसाहत उभारण्यात आली, आणि तिला राष्ट्रीय हरित लवादापुढे आव्हान दिले गेले. ज्या वाळूवर कारागीर अर्धा दिवस घालवीत, तीच वाळू अशा रीतीने विकावयाची वस्तू ठरू लागली.

मार्च २०२३ मध्ये रेल्वे स्थानकापासून गोदौलियापर्यंतच्या सुमारे पावणेचार किलोमीटर लांबीच्या रज्जुमार्गाची पायाभरणी झाली. आतापर्यंत डोंगराशी जोडले गेलेले हे साधन अशा रीतीने सपाटीवरील नगरात आले. गर्दीच्या गल्ल्यांत रज्जुमार्ग सोयीचा होऊ शकतो, त्यास केवळ नवे म्हणून विरोध करण्याचे कारण नाही. परंतु माणसे आणण्याची शक्ती वाढली म्हणजे त्यांना सामावण्याची शक्ती वाढली, असे होत नाही. जोशीमठ ते औली या मार्गावरही सुमारे चार किलोमीटर लांबीचा रज्जुमार्ग होता. जोशीमठची भूमी जुन्या भूस्खलनाच्या ढिगावर उभी असून तेथे भारी बांधकामे करू नयेत, असे शासनाच्या समितीने १९७६ मध्येच सांगितले होते. बांधकामे होत राहिली. जानेवारी २०२३ मध्ये घरांना तडे गेले, शेकडो कुटुंबे हलवावी लागली, आणि रज्जुमार्गही बंद करण्यात आला.

भूमीच्या सहनशक्तीचा हा धडा काशीला नवा नाही. १८३० च्या सुमारास बायजाबाई शिंदे यांनी मणिकर्णिकेजवळ भव्य घाट बांधविला. तो इतका भारी होता की स्वतःच्याच वजनाने खचला. बांधविणारीची श्रद्धा कमी नव्हती, पैसाही कमी नव्हता. काठाची ताकद कमी पडली. अमृतरावांच्या साध्या, रुंद पायऱ्या मात्र दोनशे वर्षे पूर सोसून उभ्या आहेत.

विहारस्थळाची योजना करणाऱ्यांनी या दोन मराठी घाटांची तुलना ध्यानात ठेवण्यासारखी आहे. डोंगरावर असो की नदीकाठी, उन्हाळ्यातील मोकळ्या हवेस लागणारी सामग्री थोडी असते : चालण्यास वाट, बसण्यास जागा, सावली, निर्मळ पाणी आणि कोणासही न अडवणारा प्रवेश. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी काशीस पूर्वजांकडून मिळाल्या. चौथी सांभाळण्याचे काम शासनाचे, आणि त्यासाठी मैला नदीत जाण्यापूर्वी अडविला पाहिजे, वरच्या बंधाऱ्यांतून पुरेसे पाणी सोडले पाहिजे. पाचवी गोष्ट मात्र कोणत्याही यंत्राने निर्माण होत नाही. ती केवळ राखावी लागते, आणि एकदा कुंपण पडले की परत मिळविणे अवघड असते.

अमृतरावांना पुण्यात राज्य करता आले नाही. काशीत त्यांनी जे बांधले त्यावर नंतरच्या दोन शतकांत किती पोहणारे, किती पहिलवान, किती निरुद्योगी गप्पिष्ट आणि किती थकलेले कारागीर विसावले असतील, याची गणना कोणी ठेवली नाही. तशी ठेवण्याची गरजही पडली नाही, कारण त्यांपैकी कोणाकडूनही काही वसूल करावयाचे नव्हते. सार्वजनिक जागा म्हणजे काय, याची याहून सोपी व्याख्या सापडणे कठीण आहे.